झाकणं विश्रांतवाडीला, डबे मांजरीला

रामदास ओव्हाळांनी सव्वाशे स्टीलची झाकणं घरी आणली, तेव्हा आम्रपालीबाईंनी खोक्यात डोकावून एवढंच विचारलं, "डबे कुठे आहेत?"

"उद्या येतायत."

"झाकण आधी आणि डबा मागून, असं कुणी घेतं का हो?"

रामदासरावांना हा प्रश्न फार लागला. तो त्यांच्यावर असता तर त्यांनी सोसला असता. नवऱ्याला तेवढी सवय असते. पण हा अविश्वास काटकसर बाजारावर होता. विश्रांतवाडीतली ती शाखा उघडली त्या दिवशी फीत कापायच्या आधी जी रांग लागली होती, तिच्यात रामदासराव सगळ्यांत पुढे होते. तेव्हापासून घरातली साखर दुसरीकडून आली नव्हती. पाटबंधारे खात्यात अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस एखाद्या दुकानावर विश्वास टाकतो, तो काही उगाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

येत्या रविवारी त्यांच्या नातीचं नामकरण होतं. सोसायटीचा हॉल ठरला होता, भंतेजींना सांगून झालं होतं, आणि पाहुण्यांना परतभेट काय द्यायची यावरून घरात आठवडाभर शीतयुद्ध चाललं होतं. सुनेने, तनुजाने, फोनवर कापडी पिशव्या दाखवल्या होत्या. आत झेंडूचं बी, वर हाताने रंगवलेली चिमणी. रामदासरावांनी चष्मा कपाळावर चढवून त्या चिमणीकडे बराच वेळ पाहिलं.

"पाहुणा आपल्याकडे जेवणार आणि घरी जाऊन शेती करणार?"

"बाबा, सगळे हल्ली असंच देतात."

"वस्तू हातात घेऊन, वाजवून घ्यायची असते. स्टीलचा डबा द्या. माणूस तीस वर्षं नाव काढतो."

अभय, म्हणजे मुलगा, अशा वेळी चार्जर शोधायला आतल्या खोलीत जातो. तसा तो गेला. डबे ठरले.

आता खरं सांगायचं तर काटकसर बाजाराची लक्षणं गेल्या दिवाळीपासूनच बरी नव्हती. फळ्यांवर माल कमी आणि फळ्या जास्त झाल्या होत्या. एका अख्ख्या रांगेत फिनेलच्या बाटल्या वीत-वीत अंतरावर उभ्या केलेल्या असत, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. रामदासराव म्हणत, "मांडणी सुटसुटीत केलीय." एसी बंद पडला तेव्हा म्हणाले, "सर्दी तरी होत नाही." माणूस एकदा दुकानाच्या बाजूने उभा राहिला की त्याला दुकानाचा वकील व्हावंच लागतं.

तर ते डबे घ्यायला गेले तेव्हा शाखेचा मॅनेजर इंद्रजीत त्यांना म्हणाला, "काका, माल दोन गाड्यांतून येतो. झाकणं आज आलीयत, डबे उद्या. तुम्हाला नाव घालून घ्यायचंय ना? नाव झाकणावरच घालणार. मग झाकणं आज न्या, तेवढंच काम पुढे सरकेल."

यात तर्क होता, आणि तर्क दिसला की रामदासराव विरघळत. त्यांनी सगळ्याचे पैसे भरले, झाकणं घेतली, नाव घालणाऱ्या कारागिराला घरी बोलावलं आणि दोन दिवस सबंध इमारतीचे कान किटवून सव्वाशे झाकणांवर 'ओव्हाळ परिवार, विश्रांतवाडी' अशी अक्षरं उमटवून घेतली. नातीचं नाव घालायची त्यांची फार इच्छा होती. पण तनुजाने नाव गुप्त ठेवलं होतं. ते भंतेजींच्या तोंडूनच सगळ्यांना कळेल, असं ती म्हणाली होती, आणि आजोबा 'सगळ्यांत' मोडतात.

तळमजल्यावरचे आप्पासाहेब आवाज ऐकून वर आले. आप्पासाहेबांना सल्ला मागावा लागत नाही. त्यांनी एक झाकण उचललं, उलटंसुलटं केलं आणि खाली ठेवलं.

"रामदासराव, बुडत्या दुकानातून माल घेताना तळापासून घ्यावा. तुम्ही वरून सुरुवात केलीत."

"कोण म्हणतं दुकान बुडतंय?"

"कोणी म्हणायला कशाला हवं? मी परवा तिथे जिरं मागितलं, तर मला फिनेल दाखवलं."

उद्याचे डबे दोन दिवसांनीही आले नाहीत, म्हणून रामदासराव दुकानापाशी गेले, तर शटर अर्धं खाली. अर्धं शटर ही मोठी फसवी गोष्ट आहे. दुकान उघडतंय की मिटतंय ते बाहेरच्याला कळत नाही, आणि वाकून आतल्याला विचारावं तर त्यालाही कळलेलं नसतं. बाहेर वीस-पंचवीस माणसं जमली होती. चालू दुकानात इतकी गर्दी गेल्या वर्षभरात झाली नव्हती.

"पिशवीचे पैसे लावायला लागले ना, त्याच दिवशी मी ह्यांना म्हटलं, आता यांची उतरती कळा," एक बाई सांगत होत्या.

"पिशवीचं काही नाही हो," एक गृहस्थ म्हणाले. "दारातला स्टूल काढला. म्हातारा माणूस टेकला की दोन वस्तू जास्त घेतो. स्टूल गेला, धंदा गेला."

"ॲप इश्यू आहे, अंकल," खांद्याला सॅक लावलेला एक मुलगा म्हणाला. "म्हणजे ॲप आहे त्यांचं, पण ते ओपनच होत नाही."

"शेंगदाणे चाखून बघितले, तर त्या पोरीने माझ्या हातातून काढून घेतले," मागून कोणीतरी म्हणालं. "भर दुकानात."

रामदासराव ऐकत राहिले. प्रत्येकाच्या मते ज्या दिवशी दुकानाने त्याचा अपमान केला, त्याच दिवसापासून दुकान बुडायला लागलं होतं. असा एकांगी विचार त्यांना सहन होईना. ते एक पायरी वर चढले.

"मंडळी, हे सगळे किरकोळ मुद्दे आहेत. मूळ दोष देखरेखीचा. वरिष्ठांनी अचानक भेटी दिल्या असत्या, तर ही वेळ आली नसती."

आवाजात जुना सरकारी खर्ज होता आणि सदऱ्याच्या खिशाला पेन होतं. गर्दीची समजूत झाली की हेच वरिष्ठ. पिशवीच्या बाईंनी ताबडतोब पिशवीतून कुकरची तुटकी मूठ काढून त्यांच्या हातात दिली. "मग हे आधी बदलून द्या." पाठोपाठ एका माणसाने बुरशी आलेला पाव दिला. "मी गिऱ्हाईक आहे, मी गिऱ्हाईक आहे," असं रामदासराव सांगत राहिले, तेव्हा स्टूलवाले गृहस्थ थंडपणे म्हणाले, "हो का? बोलताना नव्हतं वाटत."

हातात मूठ आणि पाव घेऊन ते शटरखालून वाकून आत गेले. इंद्रजीत रिकाम्या फळ्या खोलत होता.

"माझे डबे?"

"काका, तेच सांगायला मी फोन करणार होतो. ही शाखा बंद करायची वरून ऑर्डर आलीय. म्हणून डब्यांची गाडी वाटेतूनच मांजरीच्या शाखेला वळवली."

"आणि झाकणं?"

"झाकणं तुमच्याकडे आहेत."

"अरे, पण डब्याशिवाय झाकण म्हणजे काय?"

इंद्रजीतने खरोखर विचार केला. "ताटली म्हणून चालेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "परत घेता आली असती, पण तुम्ही नाव घातलंत."

त्या रात्री तनुजाने फोन उघडून चिमणीच्या पिशव्या नुसत्या पाहिल्या आणि फोन ठेवून दिला. शब्द बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

सकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि खराडी-मुंढव्याची धूळ खात मांजरी गाठली. तिथली शाखा चालू होती, म्हणजे दिवे चालू होते. दाराशी मांडलेल्या एका रिकाम्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती: 'बहुउपयोगी भांडे. निम्म्या किमतीत.'

"हे बहुउपयोगी भांडं म्हणजे काय?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"डबं हुतं. झाकणंच न्हवती त्येला. मग सायबानं लिवलं, बहुउपयोगी."

"होते म्हणजे?"

"इकलं की. घुल्यांच्या प्रेमलाबाईंनी समदं उचललं काल." वॉचमन जरा जवळ सरकला. "ह्ये दुकान टिकायचं न्हाई बगा. पयलं हितं गूळ चांगला मिळायचा. आता गुळाच्या जागी त्यो केकवानी वड्यांचा गूळ ठिवत्यात, बारक्या डबीत. मांजरीत उसाच्या फडात दुकान टाकलं आन् गूळ डबीत इकत्यात. त्येंचं काय हुनार?"

रामदासरावांना हे मत आतापर्यंतच्या मतांत सगळ्यांत भारदस्त वाटलं, पण त्याची दखल घ्यायला वेळ नव्हता.

घुल्यांचं घर शोधावं लागलं नाही. पुढे दोन गृहसंकुलं, मागे ऊस, मधे तिमजली बंगला आणि बंगल्याच्या अंगणात म्हैस. प्रेमलाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. शेजारी पोती उभी केलेली, आणि पोत्यांतून डोकावणारे त्यांचे डबे. रामदासरावांना ते पाहून चोरीला गेलेलं मूल दिसल्यासारखं झालं.

"रामराम. कोन पायजे?"

"मी ओव्हाळ. विश्रांतवाडी. बाई, हे डबे माझे आहेत."

प्रेमलाबाईंनी लसणाची पाकळी पुरी सोलली. "माझ्याकडं पावती हाय."

"पावती माझ्याकडेही आहे. तुमच्याआधीची."

"मग दुकानदाराला धरा की भाऊ. मला कशापायी धरताय?"

रामदासरावांनी सगळी हकिकत सांगितली. झाकणं, नाव, नामकरण, सुनेची चिमणी. सोबत आणलेलं एक झाकण काढून डब्यावर बसवून दाखवलं. ते टकदिशी बसलं. इतकं नेमकं बसलं, की दोघांनाही क्षणभर बरं वाटलं.

"बसतंय झ्याक," प्रेमलाबाई म्हणाल्या. "पन मला झाकणाचं काय करायचं? शुक्करवारी माझ्या नातवाचं जावळ हाय. बोकड कापायचं. रश्श्याला वाटगी पायजेत म्हणून घेतली ही. रश्श्यावर कुनी झाकण ठिवतं व्हय?"

"तुम्ही यात मटणाचा रस्सा वाढणार?"

"मग काय अत्तर वाढू?" बाई पुढे समजुतीने म्हणाल्या, "असं करा. शुक्करवारी जेवनं झाली की धुऊन देते. तुमचं रविवारी हाय न्हवं?"

रामदासराव ताठ झाले. नातीच्या नामकरणात, शंभरावर पाहुण्यांना, घुल्यांच्या भावकीने ओरपून ठेवलेली भांडी. "उष्टी भांडी मी भेट देणार नाही," ते म्हणाले.

"मग वाटगी आना तेवढी. मला काय, कशात बी वाढीन."

आता रागाचं लक्ष्य बदलणं भाग होतं, कारण बाई बोलायला सरळ होत्या आणि त्यांनी पुढे केलेल्या चहात वेलची होती. रामदासरावांनी ठरवलं, मुळावर घाव घालायचा. काटकसर बाजाराचं मुख्य कार्यालय हिंजवडीत होतं. स्वस्त दुकानाचं कार्यालय इतक्या महाग जागी का, हा प्रश्न त्यांच्यासारख्याला आजवर पडू नये, याचंच आम्रपालीबाईंना नवल वाटलं.

हिंजवडीला पोचायला त्यांना कंपन्यांच्या बसगाड्यांमागे अर्धा दिवस सरकावं लागलं. त्या वेळात त्यांनी मनात भाषण तयार केलं. त्यात 'विश्वासार्हता' हा शब्द चार वेळा होता. सातव्या मजल्यावर निम्म्या खुर्च्या उलट्या करून ठेवल्या होत्या आणि एका टेबलामागे शेफाली नावाची मुलगी बसली होती. तिने त्यांना पाणी दिलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी आलं, असा तिचा चेहरा होता.

"काका, तुम्ही फीडबॅकसाठी आलात ना? ग्राहकांना काय वाटतं, आम्ही मागे का पडलो, याचा सर्व्हे चालू आहे."

"मला काय वाटतं ते लिहायला तुमचा कागद पुरणार नाही."

"टॅब आहे, काका. कितीही लिहिता येतं."

रामदासराव बोलले. देखरेख, फिनेल, एसी, स्टूल, गूळ, शेंगदाणे. इतरांचीही मतं त्यांनी उदार मनाने आपल्यात घेतली. मुलगी लिहीत गेली. शेवटी ते थांबले, तेव्हा तिने विचारलं, "काका, तुम्ही आमच्याकडून नेहमी काय घेता?"

"साखर. पहिल्या दिवसापासून."

"आणखी?"

"तूरडाळ. जाहिरातीत येते त्या आठवड्यात."

"बाकी तांदूळ, तेल, साबण?"

"ते मार्केट यार्डातून आणतो. तिकडे जास्त स्वस्त पडतं."

शेफालीने टॅब खाली ठेवला. ती भांडायच्या आवाजात बोलली नाही, आणि म्हणून तिला मधे तोडता आलं नाही. "साखर आणि जाहिरातीतली डाळ आम्ही तोट्यात विकायचो, काका. गिऱ्हाईक त्यासाठी आत येईल आणि बाकीचं सामान घेईल, म्हणून. आमच्या विश्रांतवाडीच्या शाखेत लोक फक्त साखर घेऊन जायचे."

रामदासरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पंधरा वर्षं आपण या दुकानाचे आधारस्तंभ आहोत असं ते समजत होते, आणि ही मुलगी त्यांना वाळवीच्या रांगेत बसवत होती. "मग तसं आधी सांगायचं होतं," ते म्हणाले. "तशी पाटी लावायची. साखर घेणाऱ्याने साबणही घ्यावा. मी घेतला असता."

"हो काका," ती म्हणाली. "ते मी लिहिते." आणि तिने ते खरंच लिहून घेतलं. "डब्यांचं मात्र काहीच करता येणार नाही. माल संपलाय. झाकणं हवी असतील तर आहेत."

घरी आल्यावर त्यांनी हा संवाद सांगितला, पण साखरेचा भाग गाळून. आम्रपालीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या घुलेबाईंना वाट्याच हव्यात ना? मग मंडपवाल्याकडून भाड्याने घ्या, त्यांना नेऊन द्या आणि आपले डबे आणा. हिंजवडीला कशाला गेला होतात?"

रामदासराव तसेच मंडपवाल्याकडे गेले.

शुक्रवारी छोट्या टेम्पोत वाट्यांची पोती घालून ते निघाले. पंगत दोनला बसणार होती. हे अकराला निघाले. मुंढव्याच्या अलीकडे काँक्रीटचा मिक्सर रस्त्यात आडवा झाला होता. रामदासराव टेम्पोतून उतरून वाहतूक मोकळी करायला गेले, तेव्हा लोकांनी त्यांनाच मिक्सरचा मालक समजून सुनावलं. मांजरीला पोचले तेव्हा उसाच्या कडेने पंगत बसलेली होती आणि प्रत्येक पानाशी एकेक डबा होता. डब्यात लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग.

"उशीर केला, भाऊ," प्रेमलाबाई म्हणाल्या. "पावनं भुकंलं हुतं. वाढून टाकलं."

रामदासराव हातात एक भाड्याची वाटी घेऊन उभे राहिले. एक मिशाळ पाहुणा डबा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावत होता. प्यायला, डबा खाली ठेवला, वाढप्याला म्हणाला, "आन आजून." रामदासरावांना प्रत्येक घोट आपल्या गळ्यातून उतरल्यासारखा वाटला. हा डबा तनुजाच्या मावशीचा, तो आप्पासाहेबांचा, असं त्यांच्या मनात आपोआप वाटप होत होतं.

"बसा आता. उभं काय ऱ्हाताय?" प्रेमलाबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि पुढ्यात डबा ठेवला. संतापाने त्यांना भूक नव्हती. पण रस्सा नाकाशी आला आणि संतापाने थोडी जागा दिली. दुसऱ्या वाढीनंतर त्यांनी शेजारच्या मिशाळ पाहुण्याला काटकसर बाजाराबद्दल विचारलं. त्यानेही मत दिलं. त्याच्या मते दुकानाचं तोंड दक्षिणेला होतं.

संध्याकाळी बोअरच्या पाण्यावर घुल्यांच्या सुना आणि रामदासराव मिळून डबे घासत बसले. दोनदा साबणाने, एकदा राखेने, एकदा लिंबाने. निघताना औपचारिकपणा म्हणून ते म्हणाले, "रविवारी तुम्हीही या, ताई. घरच्यांना घेऊन या."

"येतो की," प्रेमलाबाई म्हणाल्या. शहरी माणूस हे उत्तर औपचारिक समजतो.

शनिवारी आम्रपालीबाईंनी एक डबा नाकाशी धरला, नवऱ्याकडे पाहिलं आणि डबे पुन्हा रात्रभर ताकात बुडवून ठेवले. वास गेला, असं ठरलं. तनुजाने प्रत्येक डब्यात थोडी वेलची टाकली.

रविवारी हॉल भरला. पुढे बुद्धमूर्ती, फुलं, मेणबत्त्या. पाळण्यात नात, पांढऱ्या झबल्यात. दाराशी टेबलावर डबे झाकणांसकट मांडलेले, आणि झाकणांवर घराण्याचं नाव चमकत होतं. रामदासराव पांढऱ्या कपड्यांत येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम करत टेबलाशी उभे होते. आठवड्याभरात पहिल्यांदाच त्यांची मान सरळ होती.

तेवढ्यात बाहेर एक पिकअप थांबली आणि तीतून घुल्यांची पंधरा-सोळा माणसं उतरली. प्रेमलाबाईंच्या डोक्यावर पदर आणि हातात बाळासाठी अंगडं-टोपडं. रामदासरावांनी डब्यांकडे पाहून मनात भागाकार करायला घेतला. अभयने सगळ्यांना आत नेऊन खुर्च्या दिल्या. भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं. रामदासराव आत वळणार, तर आप्पासाहेबांनी टेबलावरचा डबा उचलून तळ पाहिला. तळाला दुकानाचा अर्धवट खरवडलेला स्टिकर होता.

"काटकसर बाजार," आप्पासाहेब म्हणाले. "बंद पडलं म्हणे सगळं. कालच वाचलं. भाडी परवडली नाहीत."

"भाड्याचं कारण अगदी वरवरचं आहे," रामदासराव म्हणाले, आणि एक पाऊल दाराबाहेर आले.

"वरवरचं कसं?"

मग त्यांनी सांगायला घेतलं. अर्ध्या शटरपासून सातव्या मजल्यापर्यंत. व्हरांड्यात उशिरा आलेले पाहुणे थबकले. एका बाईंना तिथे कधीतरी किडके वाल मिळाले होते. तनुजाच्या मावशीच्या यजमानांचं म्हणणं पडलं की ऑनलाइनवाल्यांनी खाल्लं. कोणीतरी म्हणालं, कामाला माणसंच ठेवली नाहीत. रामदासराव एकेकाला खोडून काढत होते. इतका अभ्यास करून बोलणारा तिथे दुसरा कोणी नव्हता, आणि हे इतरांना कळेना याचा त्यांना मनस्वी राग येत होता. "गिऱ्हाईक फक्त साखर नेतं, हे म्हणायला यांना लाज वाटली नाही," ते बोलून गेले, आणि आप्पासाहेबांनी लगेच विचारलं, "कोण म्हणालं? कोणाला?"

रामदासरावांनी चष्मा पुसायला काढला. त्याच क्षणी आतून मोठ्याने आवाज आला, "साधू, साधू, साधू," आणि टाळ्या वाजल्या.

ते धावतच आत गेले. पाळण्याभोवती बायकांची गर्दी, तनुजाच्या डोळ्यांत पाणी, अभय पेढे वाटतोय. भंतेजी खाली बसत होते. नाव ठेवून झालं होतं. हॉलमध्ये एकूण एक माणसाला, म्हशीच्या धारा काढून मांजरीहून आलेल्या माणसांनासुद्धा, त्यांच्या नातीचं नाव माहीत होतं, आणि त्यांना नव्हतं.

बायकोला विचारायची हिंमत नव्हती. सुनेला तर नाहीच. ते मागच्या रांगेत गेले आणि प्रेमलाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "नाव काय ठेवलं?"

प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमीच आजोबा न्हवं?"

"बाहेर होतो. जरा बोलत होतो."

"शांती का कायतरी म्हणलं बाबा त्ये. न्हाई, शांती न्हाई. क्षांती. त्येंनी अर्थ बी सांगितला. सोसायचं, राग धरायचा न्हाई, असं."

 रामदासराव उठले आणि गर्दीतून वाट काढत पाळण्यापाशी गेले. आम्रपालीबाई बाजूला सरल्या. काय झालं ते त्यांना दारातूनच दिसलं होतं.

"हेच नाव का?" रामदासरावांनी तनुजाला विचारलं. आवाज त्यांनी शक्य तितका साधा ठेवला होता.

तनुजाने बाळाचं टोपडं सारखं केलं. "घरात कुणाच्या तरी अंगी असावी म्हणून, बाबा," ती म्हणाली, आणि नातीला उचलून त्यांच्या हातात दिलं.

मागे आप्पासाहेब काहीतरी सांगायला आले होते. त्यांनी सोबत डबा आणला होता, झाकण उघडलेलं होतं, आणि ते नाकपुड्या फुगवून वास घेत होते. रामदासरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाळाने डोळे उघडले होते. ते तिच्या कानाशी वाकले आणि तिचं नाव पहिल्यांदा उच्चारून पाहिलं. आणि 'क्ष' त्यांच्या तोंडात नीट बसेना, म्हणून पुन्हा एकदा, अगदी हळू, म्हणाले.